दरवर्षी बुडणाऱ्या पुलाला आपत्ती म्हणू नका

पावसाळा रंगात आला की आपल्या दोन जिल्ह्यांच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरल्यासारखी येते: भामरागडचा संपर्क तुटला. पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागलेली असते, बाजारपेठेत पाणी शिरलेले असते, दुकानदार तांदळाची पोती माळ्यावर चढवत असतात. दोन-चार दिवसांनी पाणी उतरते, चिखल उपसला जातो, पंचनामे होतात आणि पुढच्या पावसापर्यंत सगळे शांत. ही बातमी आपण इतक्या वेळा वाचली आहे की आता ती वाचताना हातातला चहाचा कप थांबतही नाही. हा पूर कोणत्या महिन्यात येतो, कोणत्या पुलावर आधी चढतो, कोणती गावे तोडतो, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. मग त्या पुरात माणूस वाहून गेला तर त्याला ‘नैसर्गिक आपत्ती’ कोणत्या तोंडाने म्हणायचे? निसर्गाचा आहे तो पाऊस. पुढचे सगळे माणसांनी ठरवलेले असते, किंवा ठरवायचे राहून गेलेले असते. चंद्रपूर आणि गडचिरोलीचे नागरिक म्हणून आपण आता हे स्पष्ट बोलले पाहिजे.

१. पहिली गोष्ट, आपला पूर आपल्या आभाळातून पडत नाही. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातून येते, वर्धा बैतुल जिल्ह्यातल्या मुलताईकडून. चपराळ्याजवळ दोघी मिळून प्राणहिता होतात आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीला जाऊन मिळते. इंद्रावती तर थेट ओडिशातल्या कालाहांडीत उगम पावते, जगदलपूरवरून बस्तर ओलांडून आपल्या सीमेला लागते. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम आहे. इंद्रावती फुगली की बाकीच्या दोघींना पुढे जायला वाट राहत नाही, पाणी तुंबते आणि मागे गावात पसरते. म्हणून भामरागडात ऊन पडलेले असताना पूर येतो, सिरोंच्यात चार दिवस पाऊस नसताना शेतात पाणी शिरते. आपली सरकारी यंत्रणा मात्र महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाकडे पाहते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. पण बस्तरच्या डोंगरात झालेला पाऊस भामरागडच्या पर्जन्यमापकात कसा दिसणार? वरच्या राज्यातून, वरच्या धरणावरून, वरच्या मापनकेंद्रावरून वेळेत खबर मिळणे हाच आपल्यासाठी खरा पावसाचा अंदाज आहे, आणि ती खबर देणे हे वरच्यांचे उपकार नव्हेत, कर्तव्य आहे.

२. खबर वेळेत न मिळाल्याची किंमत आपण २०२० च्या ऑगस्टअखेर मोजली. मध्य प्रदेशात जोराचा पाऊस झाला, संजय सरोवरातून पाणी सुटले, गोसेखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि वैनगंगा भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीपर्यंत गावागावांत शिरली. लाडज हे तर वैनगंगेच्या पात्राने वेढलेले गाव. तिथली आणि काठावरच्या इतर गावांतली माणसे बाहेर काढण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या. धानाची रोवणी होऊन पीक उभे होते. पाणी उतरले तेव्हा बांधीत धानाऐवजी गाळ होता. ऑगस्टच्या शेवटी पऱ्हे पुन्हा टाकता येत नाहीत, हे कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. त्या कुटुंबांचे अख्खे वर्ष त्या दोन-तीन दिवसांत गेले. त्या वेळचे राज्याचे मदत व पुनर्वसन मंत्री विजय वडेट्टीवार हे ब्रह्मपुरीचेच आमदार होते. खात्याच्या मंत्र्याचा स्वतःचा मतदारसंघ बुडतो, याचा अर्थ काय लावायचा? एका माणसाला दोष देऊन हा प्रश्न सुटणारा नाही, एवढा तरी लावावाच लागेल. दोन राज्ये, अनेक धरणे आणि चार-पाच जिल्हे यांच्यामध्ये सूचना जिथे अडकते ती जागा शोधून कायमची मोकळी केली नाही, तर मंत्री कुठलाही असो, गाव बुडणारच.

३. समजा, खबर वेळेत निघाली. ती पोहोचते कशी? ‘अमुक हजार क्युमेक विसर्ग सुरू आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक हजार लिटर पाणी, हे अभियंत्याला कळते. आकडा ऐकून घरातली बाई काय करणार? तिला एवढेच जाणून घ्यायचे असते की पाणी आपल्या ओट्यापर्यंत येईल का, आणि येणार असेल तर रात्री येईल की सकाळी.

वैनगंगेकाठच्या जुन्या घरांत जाऊन पाहा. भिंतीवर पिवळट रेघ असते, ओलीने धरलेली, वरून चुना मारला तरी परत उमटणारी. घरातली म्हातारी त्या रेघेवर हात ठेवून सांगते, ‘चौऱ्याण्णवले पूर इतवर आलता.’ मग हात आणखी वर नेते, ‘अन् वीस साली इतवर.’ तिच्याजवळ गावाचा पूर्ण नकाशा आहे: कोणत्या घराला आधी लागते, मारुतीच्या देवळाची कितवी पायरी बुडाली की शाळेत पाणी येते, कोणत्या वाटेने गुरे उंचावर न्यायची. दुसरीकडे आष्टी, टेकरा, बल्लारपूर, पातागुडम इथल्या केंद्रीय जल आयोगाच्या केंद्रांवर पाण्याची पातळी सेंटिमीटरमध्ये मोजली जाते. या दोन ज्ञानांची गाठ घालून द्यायला कितीसा खर्च येईल? प्रत्येक नदीकाठच्या गावात विजेच्या खांबावर आणि देवळाच्या भिंतीवर रंगाच्या तीन रेघा ओढायच्या. वरच्या केंद्रावर इतकी पातळी झाली की इथे पिवळ्या रेघेपर्यंत, इतकी झाली की लाल रेघेपर्यंत, आणि मध्ये इतके तास. मग सूचना अशी देता येईल: ‘उद्या पहाटे पाणी लाल रेघेला लागेल, आजच निघा.’

आणखी एक. ही सूचना कोणत्या भाषेत? भामरागड-एटापल्लीच्या पाड्यांवर माडिया बोलली जाते, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या वसाहतींत बंगाली. मोबाइलचा मनोरा नसलेल्या पाड्यावर मराठी लघुसंदेश पाठवून यंत्रणेची नोंदवही भरते, गाव जागे होत नाही. जी सूचना माणसाला उठून चालायला लावत नाही तिला सूचना म्हणणे ही त्या माणसाची फसवणूक आहे.

४. ठेंगणे पूल हा आपल्या भागाचा जुना रोग. आलापल्ली-भामरागड रस्त्यावरचे नाले असोत, कुरखेडा-कोरचीकडचे असोत, की बल्लारपूर-राजुरा मार्गावरचा वर्धा नदीचा पूल असो, जोराचा पाऊस झाला की वाहतूक बंद. भामरागडच्या नव्या उंच पुलाचे काम किती पावसाळे रेंगाळले हे तिथल्या लोकांनी मोजले आहे. पण मला इथे बोलायचे आहे ते पूल बुडाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांबद्दल, कारण माणसे जातात ती तेव्हाच.

बुडीत पुलाचे कठडे पावसाळ्याआधी काढून ठेवतात. कारण बरोबर आहे: वाहून आलेले ओंडके कठड्याला अडकले तर पुलावर ताण येतो. पण कठडे गेले की पुलाची कड कुठे संपते हे दाखवणारे काही उरत नाही. पाणी गढूळ, वर फेसाच्या रेघा, आणि खाली काँक्रीट आहे की खड्डा, हे समजायला मार्ग नाही. दोन्ही बाजूंना मोटारसायकली थांबलेल्या असतात. कोणी तरी म्हणतो, गुडघाभरच आहे. एक जण निघतो, पार होतो, मग त्याच्यामागे दुसरा. वाहत्या पाण्याचे गणित मात्र सोपे आणि निर्दय आहे. जोराचे वाहते पाणी घोट्याच्या थोडे वर, अर्धा फूट असले तरी धडधाकट माणसाचा पाय उचलते. एक फूट पाणी लहान मोटार तरंगवते. दोन फूट पाणी बहुतेक वाहने ओढून नेते. जुलै २०२२ मध्ये पेरमिलीजवळ नाल्याच्या पुरात अख्खा ट्रक वाहून गेला आणि आतली माणसे दगावली. ट्रकचे वजन जिथे पुरले नाही तिथे आपली दुचाकी पुरेल असे कोणत्या हिशेबाने वाटते?

मला त्या दुचाकीस्वारावर रागावता येत नाही. पलीकडे त्याचे आजारी मूल असते, रोजी असते, संध्याकाळी चुकलेली शेवटची एसटी असते. राग येतो तो या गोष्टीचा की ज्या पुलावर दरवर्षी पाणी चढते तिथे दोन्ही बाजूंना लोखंडी आडवा दांडा, खोली दाखवणारा रंगवलेला खांब आणि पाणी चढताच तिथे उभा राहणारा एक माणूस एवढेही आपण ठेवू शकलेलो नाही. उंच पुलाला कोट्यवधी लागतात, मान्य. दांड्याला, खांबाला आणि एका माणसाच्या मजुरीला लागत नाहीत. पूल होईपर्यंत माणसे मरत राहतील हे गृहीत धरणारी व्यवस्था आपल्याला नामंजूर आहे.

५. ‘जंगल आहे, वनखात्याची परवानगी मिळत नाही’ हे उत्तर आपण वर्षानुवर्षे ऐकतो. मोठ्या रस्त्यांना आणि पुलांना वनसंवर्धनाचा कायदा लागतो हे खरेच आहे, आणि तो असलाच पाहिजे. हे जंगल आपलेही आहे. पण वनहक्क कायदा, २००६ काय सांगतो? त्याच्या कलम ३(२) नुसार रस्ता, शाळा, दवाखाना अशा गावाच्या सोयींसाठी, प्रत्येक वेळी एक हेक्टरपेक्षा कमी आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटणार नाहीत एवढी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. ज्या जिल्ह्यात मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळवून सगळ्या देशाला वाट दाखवली, त्या जिल्ह्यातल्या गावांना पाड्याच्या रस्त्याचा ठराव करता येत नाही असे कोण म्हणेल? ठराव होतात. ते कोणत्या टेबलावर किती दिवस पडून राहतात, याची यादी जिल्हाधिकाऱ्यांनी दर वर्षी ३१ मेपर्यंत जाहीर करावी. जंगलाच्या नावावर स्वतःचा आळस खपवणे बंद झाले पाहिजे.

६. सरकारला काहीच ठाऊक नसते असे मात्र म्हणता येणार नाही. नवसंजीवनी योजनेत पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांना आधीच धान्य पोहोचवले जाते. दुर्गम भागातल्या गरोदर बायांसाठी आरोग्य केंद्रांजवळ माहेरघर आहे, तिथे बाळंतपणाच्या आधीच येऊन राहावे अशी सोय आहे. या दोन्ही चांगल्या योजना आहेत, आणि त्या राबवणाऱ्या आशाताई, परिचारिका, रेशनचा ट्रॅक्टर चिखलातून नेणारा चालक यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण या योजना सरकारची कबुलीही आहेत. कोणती गावे, किती महिने, किती माणसे तुटणार, हे कागदावर आधीच लिहिलेले आहे.

मग जुलै २०२४ मधले भामरागड तालुक्यातले ते दृश्य आठवा. रस्त्यावर नाल्याचे पाणी, आणि एका गरोदर बाईला जेसीबीच्या लोखंडी खोऱ्यात बसवून पलीकडे नेले जात आहे. ज्या खोऱ्यात सकाळी मुरूम भरला असेल त्यात पोटात बाळ असलेली बाई, खाली भरधाव पाणी. ज्यांनी तिला पलीकडे नेले त्यांनी माणुसकी दाखवली, त्यांना हात जोडले पाहिजेत. आपण मात्र ते छायाचित्र कौतुकाने एकमेकांना पाठवले. कौतुक कशाचे? तिची प्रसूतीची तारीख आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत महिनोन्‌महिने आधी लिहिलेली असते. तो नाला दरवर्षी चढतो. या दोन नोंदी जूनमध्ये एका टेबलावर आल्या असत्या, तर जुलैत जेसीबी बोलवावा लागला नसता. तिला माहेरघरात यायला घरची शेती, लहान मूल, मजुरी आडवी येते का, हेही कोणी तरी जाऊन विचारायला हवे होते.

७. चंद्रपूरकरांनी ‘हे गडचिरोलीचे दुखणे’ असे समजू नये. इरई नदी आपल्या शहराला खेटून वाहते. तिच्यावर महाऔष्णिक वीज केंद्रासाठी बांधलेले धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले आणि त्याच वेळी खाली वर्धा भरून वाहत असली की इरईचे पाणी तुंबून रहमतनगर, सिस्टर कॉलनी, पठाणपुरा दरवाज्याबाहेरचा परिसर यांत शिरते. २००६, २०१३, २०२२: प्रत्येक वेळी तेच भाग, तीच शाळेतली तात्पुरती निवारा केंद्रे. गोंडराजांनी शहराभोवती दगडी परकोट उभा केला; आपण त्या परकोटाबाहेर, नदीच्या पात्राकडे घरे वाढवत नेली. कोळसा खाणींतून उपसलेल्या मातीचे डोंगर नदीकाठी उभे राहिले, पावसाने ती माती पात्रात आली आणि पात्र उथळ झाले. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्याचा अर्थ असा नव्हे की एकदा येऊन गेला की पुढची शंभर वर्षे निर्धास्त. दरवर्षी शंभरात एक अशी ती शक्यता असते. निळ्या रेषेच्या आत भूखंड पाडून विकणारा, त्याच्या कागदाकडे डोळेझाक करणारा आणि मतांसाठी तिथे नळ-रस्ते देऊन वस्तीला पक्के करणारा, हे तिघे पूर येतो तेव्हा कुठे असतात? पाण्यात उभा असतो तो गरीब, ज्याने आयुष्यभराची कमाई त्या भूखंडात घातली. त्याला अतिक्रमणदार म्हणून हाकलण्याआधी त्याला जमीन विकणाऱ्याला जाब विचारा.

८. सिरोंच्याचे दुःख वेगळे आहे. गोदावरीवर मेडीगड्डा बंधारा झाला, २०१६ मध्ये तेलंगणा आणि महाराष्ट्र या दोन राज्यांचा करार झाला, १०० मीटरची पाणीपातळी ठरली. २०१९ मध्ये उद्घाटन झाले. त्यानंतर काठावरचे शेतकरी सांगत राहिले की संपादित न झालेल्या जमिनीतही पाणी शिरते, काठ खचतो. जुलै २०२२ मध्ये गोदावरी इतकी फुगली की खाली भद्राचलमला पाणी ७१ फुटांच्या वर गेले, आणि सिरोंचा तालुक्यातली गावे पाण्यात गेली. पुढे २१ ऑक्टोबर २०२३ रोजी बंधाऱ्याचे खांबच खचले. पाणी तेलंगणाला, बुडीत आपल्याला, आणि मोबदल्यासाठी खेटे सिरोंच्याच्या शेतकऱ्याने घालायचे, हा न्याय नव्हे. आपल्या राज्याच्या ज्या सरकारने करारावर सही केली त्याच सरकारने या शेतकऱ्याचा वकील व्हायला हवे.

९. आणि नदी फक्त पुरातच मारते असे नाही. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातल्या गणपूर (रै) इथल्या बाया मिरची तोडायला वैनगंगेपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात निघाल्या होत्या. नाव उलटली, सहा जणी बुडाल्या. पूर नव्हता, पाऊस नव्हता, थंडीची सकाळ होती. एकीच्याही अंगावर तरंगणारे जाकीट नव्हते. मजुरीसाठी रोज नदी ओलांडणाऱ्या बाईला जाकीट देणे ही ग्रामपंचायतीच्या ऐपतीबाहेरची गोष्ट आहे का? हिवाळ्यात जी नाव सुरक्षित नाही तिच्यावर आपण पावसाळ्यात गाव सोडवण्याची भिस्त ठेवतो.

१०. आता आपल्याबद्दल. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्याने जिल्ह्याला आराखडा करायला लावले आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांना जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे प्रमुख केले आहे. आराखडे होतात, जाड होतात, दरवर्षी तारीख बदलून पुन्हा सादर होतात. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या गावाचे पान उघडून पाहिले आहे? त्यात लिहिलेला दूरध्वनी क्रमांक चालू आहे का, निवारा म्हणून दाखवलेल्या शाळेचे छप्पर शाबूत आहे का, पोहणारे म्हणून ज्यांची नावे आहेत ते अजून गावात राहतात की कामाला बाहेर गेले? हे तपासायला कोणत्याही मंत्र्याची परवानगी लागत नाही. मृत्यूनंतर वारसाला चार लाख रुपये देण्याची तरतूद आहे, आणि ते मिळालेच पाहिजेत. पण त्या पैशासाठी आपण जितके खेटे घालतो त्याच्या निम्मे खेटे पावसाळ्याआधी घातले असते तर?

१ मे रोजी गावोगावी ग्रामसभा भरते. त्या दिवशी झेंडावंदन झाले की घरी जाऊ नका. शहरात राहत असाल तर वॉर्डाच्या नगरसेवकाकडे किंवा मनपाच्या कार्यालयात जा. प्रश्न एकच विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या: यंदा आपल्या नाल्यावर पाणी चढेल तेव्हा आडवा दांडा कोण टाकणार? पदाचे नाव चालणार नाही, माणसाचे नाव हवे, त्याचा क्रमांक हवा, आणि तो नसेल तर त्याच्या जागी कोण, तेही हवे. ते नाव लिहिले जात नाही तोवर सभेतून उठू नका.